आई-बाबांना अलास्काच्या केबिनमध्ये न्यावे का?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: सिअ‍ॅटलजवळ राहणाऱ्या एका वाचकाचे आई-बाबा येत्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे येत आहेत. बाबा 71 वर्षांचे, गुहागरकडच्या खेड्यात वाढलेले निवृत्त शिक्षक. तीन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. आई 66 वर्षांची, तिचे गुडघे दुखतात. वाचकाने आग्नेय अलास्कातल्या टोंगस राष्ट्रीय वनातली एक केबिन जुलैत चार रात्रींसाठी आरक्षित केली आहे. ती एका बेटावर आहे आणि पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानानेच तिथे जाता येते. वीज नाही, नळ नाही, शौचालय बाहेर. बाबा हरखून गेले आहेत. पुण्यातल्या मोठ्या भावाने मात्र फोनवर सुनावले, "आयुष्यभर त्यांनी हालच काढले, आता म्हातारपणी पैसे मोजून हाल कशाला?" वाचकाच्या पत्नीला वाटते की सरळ क्रूझचे तिकीट काढावे. वाचक विचारतात, "माझी हौस मी त्यांच्यावर लादतो आहे का? आरक्षण रद्द करू का?" शेवटी एक छोटा प्रश्नही आहे: बाबांना तिथे गळ टाकायचा आहे आणि खडकावरची कालवे काढायची आहेत, ते चालेल का?

सप्रेम नमस्कार.

दादाच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण तुमच्या मनाला तेच लागलेले दिसते आणि त्यातले एक गृहीत तुम्हीही न तपासता मान्य केलेले आहे. 'हाल' या एका शब्दात त्यांनी दोन वेगळ्या गोष्टींची मोट बांधली आहे. वीज नसणे, पाणी वाहून आणावे लागणे, लाकडे पेटवून ऊब मिळवणे, परसाकडेला बाहेर जाणे ही गैरसोय झाली. रात्री छातीत कळ आली तर डॉक्टरपर्यंत पोहोचायला किती वेळ लागेल हे कुणालाच सांगता न येणे हा धोका झाला. ज्या माणसाने लहानपणी विहिरीचे पाणी शेंदले, न्हाणीघराच्या चुलीत नारळाची सोडणे सारली आणि आषाढातल्या रात्री कंदील घेऊन परसाकडची वाट तुडवली, त्याला गैरसोयीचे भय दाखवण्यात अर्थ नाही. त्या केबिनमध्ये ओल्या लाकडांशी झटापट करायची वेळ आली तर तुम्हा सगळ्यांत उपयोगी पडतील ते बहुधा बाबाच. धोक्याचे मात्र तसे नसते. तिथे सवय कामाला येत नाही, अंतर मोजावे लागते. तुम्ही आणि दादा भांडता आहात ते गैरसोयीवरून, आणि या धोक्याबद्दल तुमच्या चार पानी पत्रात एक अक्षर नाही.

तुमच्यासारखा विचार करणाऱ्या इतर वाचकांना चित्र स्पष्ट व्हावे म्हणून ही केबिन म्हणजे नेमके काय ते सांगते. टोंगस हे अमेरिकेतले सर्वांत मोठे राष्ट्रीय वन आहे, सुमारे 1 कोटी 67 लाख एकरांचे. मुंबईसकट आपला सगळा कोकण विभाग त्यात दोनदा मावेल. 1907 साली ते राष्ट्रीय वन म्हणून जाहीर झाले. बेटे, खाड्या, हिमनद्या आणि काठापर्यंत उतरलेले हेमलॉक-स्प्रूसचे दाट जंगल असा तो सगळा किनारा आहे. त्यात वन खात्याच्या दीडशेच्या आसपास केबिन्स विखुरलेल्या आहेत आणि कुणीही रात्रीच्या भाड्याने त्या घेऊ शकतो. आरक्षण अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर 180 दिवस आधी उघडते. आत लाकडी फळ्यांचे बंक असतात, त्यावर गादी नसते. एक टेबल, दोन बाकडी, लाकडाची किंवा तेलाची शेगडी, झाडू, आणि थोड्या अंतरावर खड्ड्याचे शौचालय. अंथरूण-पांघरूण, भांडी, दिवे, खाणे, औषधे सगळे आपले. शेगडी कोणती आहे हे आरक्षणाच्या पानावर नीट वाचावे, कारण तेलाची असेल तर इंधन आपण न्यायचे असते, आणि ते ठाऊक नसलेला माणूस पहिल्या रात्री सगळे कपडे अंगावर चढवून झोपतो.

'निर्जन' हा शब्दही तुम्ही तीनदा वापरला आहे, म्हणून जाता जाता एवढेच सांगते की ही भूमी ट्लिंगिट लोकांची आहे आणि ते तिथे हजारो वर्षे राहत आले आहेत. अलास्काची राजधानी जुनो, तिच्याजवळच्या ॲडमिरल्टी बेटाला ते 'कूट्झनूवू', म्हणजे अस्वलांचा गड, म्हणतात. त्या बेटावर दीड हजाराहून अधिक तपकिरी अस्वले आहेत आणि अंगून नावाचे नांदते गावही आहे. जिथे केबिन आहे तिथे आसपास कुणाचे तरी मासेमारीचे, शिकारीचे, बेरी वेचण्याचे ठिकाण असते. आपण कुणाच्या तरी अंगणात उतरतो आहोत हे लक्षात असले की वागणे आपोआप सावध होते.

आता पाऊस. बाबा म्हणाले की "मला पावसाचे काय सांगता!" आणि पावसाच्या मापाचा प्रश्न असता तर त्यांचे म्हणणे मी मान्यच केले असते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. टोंगसच्या दक्षिणेकडच्या केचिकन गावात साडेतीन हजारांच्या वर, आणि जुनोच्या विमानतळावर त्याच्या निम्म्याच्या आसपास. फरक आहे तो ऊबेचा. कोकणातल्या पावसात भिजलेला माणूस अंग पुसून चहा घेतो आणि विषय संपतो. तिथे जुलैत दुपारचे तापमान सरासरी 17-18 अंशांपर्यंत चढते, रात्री 10 अंशांवर येते, आणि या थंडीत ओला झालेला सुती सदरा अंगावर वाळत नाही, अंगातली ऊब शोषत राहतो. हृदयविकार असलेल्या सत्तरीतल्या माणसासाठी ही बाब किरकोळ नाही. बाबांचे सुती बनियन, सुती लेंगा आणि आईची सुती साडी सिअ‍ॅटललाच राहू द्या. आतून लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे, वरून खरोखर पाणी न झिरपणारे, आणि पायांत गुडघ्याखालपर्यंतचे रबरी बूट. आई साडीशिवाय काही नेसत नसेल तर ही चर्चा आताच करा, जुनोच्या विमानतळावर नको.

मुख्य मुद्द्याकडे येते. अशा ठिकाणी जाताना मुक्काम कसा आहे याच्या चौकशीत लोक आठवडे घालवतात आणि निघायचे कसे हा प्रश्न विमानवाल्यावर सोडून देतात. काही वर्षांपूर्वी मी स्वतः तेच केले होते. तीन रात्रींनंतर सकाळी दहाला विमान येणार होते. आम्ही आठ वाजताच केबिन झाडून, सामान बांधून, किनाऱ्यावरच्या ओंडक्यावर बसलो. समोरचे बेट दिसत नव्हते. धुके पाण्याला टेकले होते आणि त्यातून फक्त एका कावळ्याचा घोगरा आवाज येत होता. अकराला लांबून घरघर ऐकू आली, आम्ही उठून उभे राहिलो, आणि ती घरघर डोक्यावरून निघून गेली. दुपारी पुन्हा शेगडी पेटवली. उरलेला भात, अर्धे पाकीट बिस्किटे आणि चहाच्या सहा पुड्या एवढे टेबलावर मांडून आम्ही चौघे त्याकडे बघत बसलो होतो. विमान दुसऱ्या दिवशी दुपारी आले. वैमानिकाची काही चूक नव्हती. त्याने उड्डाण केले नाही हेच बरोबर होते. चूक आमची होती. दोन दिवसांचा जास्तीचा शिधा घेऊन जा असे आम्हाला बजावले होते आणि वजन वाचवण्यासाठी आम्ही तो मागे ठेवला होता.

आमच्यात कुणाला रोज चार गोळ्या घ्याव्या लागत नव्हत्या, म्हणून ती गोष्ट आज मी मजेने सांगू शकते. तुमच्या बाबांना घेऊन त्याच ओंडक्यावर बसल्याची कल्पना करा. सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारे यंत्र तुमच्याजवळ असेल (आणि ते असलेच पाहिजे, कारण तिथे फोन चालत नाही), तरी संदेश पोहोचणे आणि मदत पोहोचणे यात हवामान उभे असते. ज्या धुक्यात तुमचे विमान उडत नाही त्याच धुक्यात सुटकेचे हेलिकॉप्टरही थांबू शकते. शिवाय तुमच्या आई-बाबांचा विमा तुम्ही काढलाच असेल. त्यात जुन्या आजाराबद्दलचे कलम शांतपणे वाचा. पाहुण्यांसाठीच्या बऱ्याच पॉलिसी जुन्या आजाराचा खर्च देत नाहीत, किंवा फक्त अचानक आलेल्या झटक्यापुरता, वयानुसार कमी मर्यादेत देतात. सत्तरीनंतर ती मर्यादा आणखी खाली येते. हवाई रुग्णवाहिकेचे बिल हजारो डॉलरांचे असते, तेव्हा ते कुणी भरायचे हे जाण्याआधी ठाऊक असावे.

म्हणून तुमच्या थेट प्रश्नाला माझे उत्तर असे: बेटावरच्या त्या केबिनचे चौघांसाठीचे आरक्षण सोडा, पण केबिनचा बेत सोडू नका.

याच किनाऱ्यावर रस्त्याने पोहोचता येणाऱ्या केबिन्स आणि तंबू ठोकायचे तळ आहेत, आणि तुमच्यासारख्या कुटुंबाला त्या हव्यात. जुनो शहराच्या उत्तरेला, साधारण 28 मैलांवर, ईगल बीचला राज्य उद्यान खात्याच्या काही केबिन्स आणि तंबूंच्या जागा आहेत. त्यांचे आरक्षण राज्याच्या उद्यान खात्याकडे होते, केंद्राच्या संकेतस्थळावर त्या शोधत बसू नका. समोर ओहोटीला दूरवर उघडी पडणारी पुळण, पलीकडे बर्फाळ डोंगर, आणि बर्टलेट रुग्णालय गाडीने पाऊण तासाच्या आसपास. सिटका गावापासून सात मैलांवर स्टारिगवन येथे वन खात्याचा तळ आहे आणि एक केबिनही आहे. केचिकनजवळ वॉर्ड तलावाकाठी तळ आहेत. बेटावरच्या केबिनची सगळी लक्षणे, म्हणजे शेगडी, फळ्यांचे बंक, रात्रीचा पाऊस, बाहेरचे शौचालय, या ठिकाणी कमी-अधिक प्रमाणात आहेतच. फक्त दाराशी गाडी उभी आहे. तुम्हाला हे 'खरे' वाटणार नाही याची मला कल्पना आहे. पण विमानाने गेले तरच रानात गेल्यासारखे होते हे तुमचे मत आहे, बाबांचे नाही. बाबांच्या दोन वाक्यांत तुम्ही लिहिले आहे की त्यांना पुन्हा एकदा चुलीजवळ बसून पाऊस ऐकायचा आहे. त्यासाठी बेट लागत नाही.

जुनोतला मेंडेनहॉल तलावाकाठचा तळ हिमनदीच्या अगदी समोर असल्यामुळे तुमच्या यादीत आहे. जुलैत जरूर बघा, पण बेत पुढे ढकलून ऑगस्टवर नेऊ नका. हिमनदीच्या कुशीतल्या एका खोलगट भागात साठलेले पाणी बर्फाखालून एकदम फुटून वाहते. असे पूर 2011 पासून येत आहेत आणि 2023, 2024 व 2025 अशी सलग तीन वर्षे ऑगस्टमध्ये तिथल्या मेंडेनहॉल नदीने आधीचा उच्चांक मोडला.

आणि तुमची स्वतःची हौस? ती लपवायची गरज नाही. आई-बाबा शहरात मुक्कामाला असताना, पत्नी त्यांच्याजवळ थांबायला मनापासून तयार असेल तर, तुम्ही एका रात्रीसाठी मित्राबरोबर बेटावर जाऊन या. बाबांना विमानाचे आकर्षण असेल तर पाण्यावरून उडून पाण्यावर परत उतरणारी तासाभराची फेरी त्यांना घडवा. तीही हृदयरोगतज्ज्ञाला विचारून. स्वार्थ हा शब्द तुम्ही स्वतःवर फार लवकर चिकटवला. आपल्याला जे आवडते ते आई-बाबांनाही दाखवावे असे वाटण्यात काही वावगे नाही. मात्र आपल्या स्वप्नाचा खर्च दुसऱ्याच्या गुडघ्यांनी भरायचा नसतो.

गुडघ्यांवरून आईकडे येते. तुमच्या पत्रात दादाचे म्हणणे जवळजवळ एक पान आहे, बाबांचे अर्धे पान, पत्नीचे चार ओळी. आईबद्दल एकच वाक्य आहे: "आईचे काही नसते, बाबा जातील तिथे ती येते." हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. आईचे काही नसते हे तुम्ही तिला विचारून लिहिले आहे, की चाळीस वर्षे तिला कुणी विचारलेच नाही म्हणून तसे दिसते? ज्या जुन्या दिवसांची बाबांना ओढ आहे त्यांत चुलीजवळ बसून पाऊस ऐकणारे बाबा होते. चुलीत धूर झाला की डोळे पुसत फुंकणी घेणारी कोण होती, पाण्याच्या कळश्या कुणी भरल्या, हे तिच्याकडून ऐका. बाबांची ओढ खोटी आहे असे मी म्हणत नाही. तीच जागा दोघांना दोन तऱ्हांनी आठवत असेल, एवढेच. तिला "तू येशील ना?" असे विचारू नका, त्याला ती हो म्हणेल. "तिथे तुला कशाचा त्रास होईल असे वाटते?" असे विचारा आणि बाबा समोर नसताना विचारा. तिला सापांची भीती असेल तर खुशाल दिलासा द्या. त्या भागात साप जवळजवळ नाहीतच, डास मात्र आहेत. रात्री बाहेर जायची भीती असेल तर सांगा की जूनअखेरीस जुनोला दिवस सव्वाअठरा तासांचा असतो आणि जुलैतही तिन्हीसांज रात्री नऊ-दहाच्या सुमारास होते. दिवा लावायची वेळ कोणती मानायची, यावर तुमच्या घरात चांगली गंमत होईल.

काही गोष्टी मात्र दिलाशाने सुटत नाहीत. उधाणाच्या दिवसांत जुनोकडे भरती-ओहोटीच्या पातळीत वीस फुटांपर्यंत फरक पडतो, रत्नागिरीच्या किनाऱ्यावर असतो त्याच्या दुपटीहून जास्त. बेटावरच्या केबिनपाशी विमान ओहोटीला आले तर ते लांब पाण्यात उभे राहते आणि मधला पट्टा असतो शंखशिंपल्यांनी धारदार झालेल्या, तपकिरी सागरी शेवाळाने मढवलेल्या खडकांचा. विमानाच्या तरंड्यावरून त्या खडकावर पाय टाकायचा, हातात सामान, वरून पाऊस. मी चाळिशीत असताना तिथे दोनदा आपटले आहे. आईचे गुडघे ही वाट पेलणार नाहीत, आणि दार अडवणारी गोष्ट बाहेरचे शौचालय नसून हा पट्टा आहे. शौचालयात बसायला उंच बैठक असते, ते तिला भारतीय पद्धतीपेक्षा सोपेच जाईल. रस्त्याकडेची केबिन निवडतानाही दारापर्यंत पायऱ्या किती, उतरंड आहे का, खालचा बंक किती उंचीवर आहे, हे विचारून घ्या. काही केबिन्स चाकाच्या खुर्चीला सोयीच्या बांधलेल्या आहेत, त्या आधी पाहा. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, स्वयंपाक तुम्ही आणि तुमची पत्नी करणार, पाणी तुम्ही आणणार, भांडी तुम्ही घासणार, हे आईला तोंडाने सांगा आणि तिथे तसे वागा. चौघांचा स्वयंपाक तिने एका शेगडीवर करायचा असेल तर तिच्यासाठी ते रोजचेच काम झाले, सहल नव्हे.

जुलैपूर्वी एक तालीम करा. वॉशिंग्टन राज्याच्या उद्यानांतही साध्या केबिन्स भाड्याने मिळतात. एका शनिवार-रविवारी चौघे जाऊन फळीवर दोन रात्री झोपून पाहा. सकाळी उठल्यावर आईची पाठ आणि बाबांचा चेहरा जे सांगेल ते माझ्या सल्ल्यापेक्षा भरवशाचे असेल.

प्रवासाचे एक पथ्य इतर वाचकांसाठीही लिहून ठेवते. सिअ‍ॅटलहून जुनोला थेट विमानाने अडीच तासांच्या आसपास लागतात आणि सीमा ओलांडावी लागत नाही. गाडीने जायचे म्हटले तर वाट कॅनडातून आहे. भारतीय पारपत्रावर पाहुणे म्हणून आलेल्या आई-बाबांना कॅनडाचा व्हिसा लागेल आणि अमेरिकेत पुन्हा प्रवेश घ्यावा लागेल. जुनोला तर रस्ताच नाही, गाडी शेवटी फेरीबोटीवर चढवावी लागते. विमानाने जाताना अस्वलासाठीचा फवारा आणि शेगडीचे गॅसचे डबे सामानात चालत नाहीत, दोन्ही जुनोत उतरल्यावर घ्या. बाबांच्या गोळ्या दुप्पट दिवसांच्या घ्या आणि दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा, एक पिशवी भिजली किंवा हरवली तरी चालेल अशा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कुऱ्हाड बाबांच्या हाती देऊ नका. त्यांना वाईट वाटेल. शेगडी पेटवण्याचे काम पूर्णपणे त्यांच्याकडे द्या, म्हणजे भरपाई होईल. पाणी ओढ्याचे असेल तर खळखळून एक मिनिट उकळा. ते फिक्या चहाच्या रंगाचे दिसले तर घाबरू नका, दलदलीतल्या पानगवतातून झिरपल्याने तसा रंग येतो. पण रंग असो वा नसो, उकळल्याशिवाय पिऊ नका.

दादांनी अस्वलांची जी भीती घातली आहे ती अतिशयोक्त असली तरी निराधार नाही. जुनोच्या मुख्य भूमीवर काळी आणि तपकिरी दोन्ही अस्वले आहेत. चालताना बोलत राहावे, अचानक समोर येऊ नये, आणि वासाची कुठलीही वस्तू, टूथपेस्टसुद्धा, तंबूत ठेवू नये; तळांवर खाणे ठेवायला लोखंडी पेट्या असतात, त्या वापराव्यात. आपल्या घरात मात्र एक खास अडचण आहे. सुका बोंबील शेगडीवर भाजला किंवा लसणाची फोडणी दिली तर तो वास खाडीपलीकडे जातो आणि कपड्यांत दिवसभर राहतो. तीन दिवस वरणभात, उपमा, मेतकूट, थालीपीठ यांवर काढा. सुके मासे सिअ‍ॅटललाच राहू द्यात, ही विनंती बाबांना माझ्या नावाने करा.

पत्नीच्या क्रूझच्या सूचनेला तुम्ही 'तरंगते मॉल' म्हणून उडवून लावले आहे. मलाही ती जहाजे फारशी आवडत नाहीत. तरी तालमीनंतर आईने स्पष्टपणे नको म्हटले, किंवा डॉक्टरांनी थंडीला नकार दिला, तर हिमनदी, देवमासे आणि तो किनारा एका कोरड्या काचेमागून पाहणे हा पराभव नाही. जहाजावर निदान डॉक्टर असतो. आणि दादांशी वाद थांबवायचा असेल तर त्यांना आश्वासन देऊ नका, माहिती द्या: मुक्कामाचे ठिकाण, रुग्णालयाचे नाव, तिथवरचे अंतर, विम्याचा क्रमांक, आणि रोज रात्री एक ठरलेला संदेश. पुण्यात त्या वेळी सकाळ असते. आई-बाबांपासून अर्ध्या पृथ्वीवर असलेल्या मुलाची चिंता हीच असते की काही झाले तर आपल्याला उशिरा कळेल. ही चिंता तुम्हाला चांगलीच ओळखीची असणार, कारण वर्षाचे बाकीचे महिने ती तुमची असते.

बेटावरचे आरक्षण सोडायचे ठरले तर लवकर सोडा. जितका उशीर तितके पैसे जास्त कापले जातात, आणि ती केबिन दुसऱ्या कुणाला तरी हवी असते.

राहता राहिला गळ. टाकता येईल. सोळा वर्षांवरील बाहेरगावच्या माणसाला अलास्कात मासेमारीचा परवाना लागतो, तो आधी काढा आणि किती मासे ठेवता येतात ते त्या ठिकाणच्या नियमांत पाहा. कालवे, तिसऱ्या आणि शिंपल्यांना मात्र माझा स्पष्ट नकार आहे, बाबांनी कोकणात कितीही काढली असली तरी. त्या किनाऱ्यावरच्या शिंपल्यांत सूक्ष्म शैवालामुळे असे विष साठू शकते की ज्याने श्वास थांबतो. ते चवीला कळत नाही, रंगाला कळत नाही आणि शिजवून जात नाही. 1799 साली सिटकाजवळच्या एका सामुद्रधुनीत रशियनांबरोबर आलेले शंभराच्या आसपास शिकारी अशाच शिंपल्या खाऊन दगावले आणि त्या सामुद्रधुनीला 'पेरिल', म्हणजे संकट, हे नाव पडले. बाबांना शिंपल्या खायच्याच असतील तर जुनोतल्या दुकानात तपासून आलेल्या मिळतात त्या आणा, आणि त्या शिजवायच्या कशा हे सांगायचे काम मात्र आईलाच करू द्या.